स्टोरीवीव्हरवरच्या लोककथा आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

तिसरी ते सहावीच्या मुलांना गोष्टीतून अनुमान काढायला शिकवायचं आहे आणि त्यासाठी फुकटात मराठी लोककथा हव्या आहेत, तर प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ वापरावं का? जरूर वापरावं. मात्र पुस्तक उघडलं, पडद्यावर लावलं आणि शेवटी ‘यातून काय शिकलात?’ विचारून मोकळं झालं, तर अनुमान काही हाताला लागणार नाही. गोष्ट ऐकल्याचा आनंद मिळेल. तोही कमी नाही, पण ते काम वेगळं. इथे हे भांडार एकाच कसोटीवर तपासलं आहे: मूल काही म्हणालं की त्याला ‘कशावरून?’ विचारता येतं का, आणि त्याला गोष्टीतल्या ओळीवर बोट ठेवून उत्तर देता येतं का.

ओळख थोडक्यात. प्रथम बुक्स ही बेंगळुरूची ना-नफा प्रकाशनसंस्था, २००४ सालची. स्टोरीवीव्हर हे तिचं डिजिटल भांडार २०१५ मध्ये सुरू झालं. भाषा, पातळी आणि विषय अशी चाळणी लावून पुस्तक शोधता येतं, लोककथा वेगळ्या काढता येतात, पीडीएफ उतरवून घेता येते. कोणीही नवी गोष्ट लिहू शकतं किंवा असलेल्या गोष्टीचं भाषांतर करू शकतं. पुस्तकं सीसी बाय ४.० या खुल्या (क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्याखाली आहेत, म्हणजे श्रेय दिलं की ती वापरता आणि बदलता येतात. या परवान्याची गोष्ट पुढे येईलच, कारण आपल्या कामासाठी खरी मोलाची बाजू तीच.

पुस्तकांना चार पातळ्या दिल्या आहेत. पहिली साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १,५०० पर्यंत आणि चौथी त्याहून मोठी. शिक्षक आणि पालक इथेच फसतात. ही पातळी शब्द आणि वाक्यं वाचायला किती सोपी, एवढंच सांगते. अनुमानाला गोष्ट किती अवघड, याचा त्यात हिशोब नाही. सगळं फोडून सांगणारी १,८०० शब्दांची गोष्ट वाचायला दमवते, पण विचार करायला काही ठेवत नाही. उलट उंदराच्या टोपीची गोष्ट दुसरीतलं मूलही घडाघडा वाचेल, आणि तिच्यातला एक प्रश्न सहावीच्या वर्गात तासभर पुरेल. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतल्या वाचन चाचणीत सगळ्यात वरचा टप्पा म्हणजे दुसरीच्या पातळीचा उतारा. तो नीट वाचला म्हणजे मुलाला वाचता येतं एवढं कळतं. त्यातून त्याला काय उमगलं, हे कळायला दुसरी मोजपट्टी लागते. म्हणून अनुमानाच्या तासिकेला पातळी मुद्दाम एक पायरी खालची घ्यावी. पाचवीसाठी ३०० ते ६०० शब्दांची गोष्ट पुष्कळ झाली. अक्षरं जुळवण्यात डोकं खर्ची पडलं की ओळींमधलं वाचायला ते उरत नाही.

दुसरी अडचण चित्रांची. ही सगळी सचित्र पुस्तकं आहेत, आणि चित्रं बऱ्याचदा इतकी बोलकी असतात की अनुमानाचं काम तीच उरकून टाकतात. मजकुरात नुसतं ‘वाघ म्हणाला, बरं’ असतं आणि चित्रात वाघाची जीभ बाहेर लोंबत असते. मूल म्हणतं, वाघाला भूक लागली होती. कशावरून? चित्रावरून. हेही अनुमानच, त्याला चूक म्हणू नये. पण परीक्षेतल्या उताऱ्याला चित्र नसतं, आणि मोठेपणी वाचायच्या बहुतेक मजकुरालाही नसतं. उपाय साधा आहे. पहिल्या वाचनाला फक्त मजकूर वेगळा टाइप करून एका ए-फोर कागदावर द्यायचा, डाव्या समासात दर पाचव्या ओळीला क्रमांक घालायचा. चित्रांचं पुस्तक दुसऱ्या वाचनाला काढायचं आणि विचारायचं: चित्रकाराने असं काय काढलंय जे मजकुरात नाही? ते त्याला कशावरून सुचलं असेल? चित्रकारही एक वाचकच असतो, हे मुलांना यातून आपोआप कळतं. मलपृष्ठावरचा गोषवारा मात्र आधी दाखवायचा नाही. दोन-तीन वाक्यांत तो ‘हुशार आजीची गोष्ट’ असं काहीतरी सांगून जातो आणि पुढचे सगळे प्रश्न बसकण मारतात.

आता पुरावा आणि अनुमान यांची गाठ कशी घालायची ते पाहू. यासाठी परदेशी तक्ते आणायची गरज नाही. न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, डोंगरावरचा धूर आपल्याकडे आहेच. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण धूर दिसतोय (हेतू), आणि जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात (उदाहरण). गोष्टीला लावलं तर हेतू म्हणजे मजकुरातली ओळ, आणि उदाहरण म्हणजे मुलाने घरून, गावातून, अनुभवातून आणलेली माहिती. दोन्ही असल्याशिवाय अनुमान उभं राहत नाही. म्हणून कागदावर तीन रकाने पुरतात: ‘मला वाटतं’, ‘ही ओळ (क्रमांक)’, ‘आणि मला हे माहीत आहे’. तिसरा रकाना बाजारातल्या बऱ्याच कृतिपत्रिकांत नसतो. मग मूल ओळ उतरवून काढतं आणि त्या ओळीचा आपल्या म्हणण्याशी काय संबंध, हे सांगायचं राहूनच जातं.

लोककथा या कामाला उत्तम का, तर ती कमी बोलते. पात्रं काय करतात आणि काय म्हणतात एवढंच सांगते. त्यांच्या मनात काय चाललंय ते सहसा सांगत नाही. उंदराची टोपी घ्या. उंदराला चिंधी सापडते. धोबी ती धुऊन देतो, रंगारी रंगवून देतो, शिंपी टोपी शिवतो, टोपीला गोंडे लागतात. टोपी घालून उंदीर ढोलकं वाजवत राजवाड्यासमोर जातो. राजाच्या टोपीपेक्षा माझी टोपी छान! राजा चिडतो, टोपी काढून घेतो. उंदीर ओरडतो, ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली!’ राजा टोपी परत देतो. मग उंदीर म्हणतो, ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली!’

शेवटची ओळ वाचून थांबायचं. गोष्टीतल्या पात्रानेच इथे अनुमान काढलंय, पुराव्यासकट. पुरावा: टोपी परत दिली. निष्कर्ष: राजा भ्याला. प्रश्न एवढाच विचारायचा: उंदराचं बरोबर आहे का? वर्गातली अर्धी मुलं हो म्हणतात, कारण उंदीर त्यांचा लाडका. तेव्हा तिसरा रकाना भरायला लावायचा: माणूस घेतलेली वस्तू परत का देतो? भीतीने देतो, लाजेनेही देतो, कंटाळून देतो, कीव आली म्हणून देतो. म्हणजे ‘परत दिली’ या एका ओळीवरून ‘भ्याला’ सिद्ध होत नाही. न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात, म्हणजे निष्कर्ष नसेल तिथेही सापडणारा हेतू. मुलांना हा शब्द सांगायची गरज नाही, सांगितला तर मात्र त्यांना तो फार आवडतो. पुढचं पाऊल: लाजेने दिली असं म्हणायला ओळ आहे का? आहे. उंदीर ‘भिकारी’ असं मोठ्याने, लोकांसमोर ओरडला आणि त्यानंतर लगेच टोपी परत मिळाली. घटनांचा क्रम हाच पुरावा. काही रूपांत हाच उंदीर शिंप्याला राजाच्या शिपायांचा धाक घालतो. म्हणजे राजाची ताकद त्याला पक्की ठाऊक आहे. मग ‘राजा मला भ्याला’ हे त्याला खरंच वाटतंय की तो नुसती फुशारकी मारतोय? पाचवीतल्या मुलांना इथवर आणता येतं.

आता ‘चल रे भोपळ्या’. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असं सांगून ती सुटका करून घेते. परत येताना भोपळ्यात बसून येते आणि आतून म्हणते, म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक. ‘म्हातारी हुशार होती’ हे उत्तर सगळे देतात. त्याच्यापुढे प्रश्न असा हवा: भोपळ्याची युक्ती कोणाची? काही रूपांत म्हातारी स्वतः लेकीकडे भोपळा मागते. काहींत लेक आईचं ऐकून घेते आणि तीच भोपळा आणून देते. दोन्ही रूपं शेजारी ठेवली की मुलांना एक गोष्ट लख्ख दिसते: उत्तर आपल्या आवडीवर ठरत नाही, समोरच्या मजकुरावर ठरतं. एका कागदावर म्हातारी हुशार, दुसऱ्यावर लेक हुशार, आणि दोन्ही गटांचं बरोबर! तासिकेत यापेक्षा चांगला क्षण विरळाच.

इथे स्टोरीवीव्हरसारख्या बहुभाषिक भांडाराची ताकद दिसते, कारण एकाच घाटाच्या गोष्टी वेगवेगळ्या भाषांत शोधता येतात. भोपळ्यातली म्हातारी बंगालीत आहे, फारसीतही आहे. फारसीत तिला वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात. बंगालीत भोपळा गडगडत जातो, आपल्याकडे ‘टुणूक टुणूक’ उड्या मारतो. भोपळा जातो कसा, हे मराठीत सहसा वर्णन करून सांगितलेलं नसतं, तरी प्रत्येक मूल तो उड्या मारताना दाखवतं. कशावरून? एका ध्वनीवरून. तिसरीसाठी अनुमानाचा हा सगळ्यात सोपा पहिला धडा.

भाषांतराची बाजू मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. कोणालाही भाषांतर करता येतं, त्यामुळे दर्जा पुस्तकागणिक बदलतो. अनुमानाच्या कामात वाक्य ओबडधोबड असणं ही लहान अडचण. मोठी अडचण म्हणजे खुणा हरवणं. मराठी लोककथेत बऱ्याचशा खुणा संबोधनात असतात. म्हातारी ‘वाघोबा’ म्हणते, त्या ‘बा’मध्ये भीती आहे, आर्जव आहे, थोडी चापलुसीही आहे. तिथे कोणी ‘हे वाघा’ असं लिहिलं की ‘म्हातारी घाबरली होती का?’ या प्रश्नाचा पुरावाच गेला. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं तसंच. पात्र मध्येच ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलं, तर तो पुरावा असतो, पण बेफिकीर भाषांतरात ती नुसती चूकही असू शकते. मराठीतली ‘आजी’ हिंदीत ‘नानी’ की ‘दादी’ हे ठरवावं लागतं. उलट दिशेने येताना ती माहिती गळून पडते. निवड करताना संवादाच्या पाच-सहा ओळी मोठ्याने वाचून पाहाव्यात. आजी अशी बोलेल का? नसेल तर पुढचं पुस्तक. ज्या पुस्तकाची मूळ भाषाच मराठी आहे, ते आधी घ्यावं. पुस्तकाच्या शेवटच्या श्रेयाच्या पानांवर मूळ लेखक, भाषांतरकार आणि चित्रकार यांची नोंद असते, तिथे हे कळतं.

तिसरी अडचण लोककथांच्या आजच्या लेखनाची आहे, एकट्या या भांडाराची नाही. शेवट समजावून सांगायची खोड. गोष्ट संपली की लिहिणारा म्हणतो, ‘अशा रीतीने आजीने शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ हे दाखवून दिलं’. झालं! आता मुलांना विचारायला उरलं काय? ही खोड जुनीच आहे, आणि तिच्यावरचा उपाय श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीवर छान दाखवता येतो. आटपाट नगरचा राजा हुकूम काढतो: देवाचा गाभारा दुधाने भरायचा, घरोघरचं सगळं दूध देवळात आणा. सगळं गाव दूध ओततं, गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी घरची कामं उरकते, मुलाबाळांना खाऊ घालते, गाईवासरांना चारा घालते आणि दुपारी खुलभर दूध घेऊन जाते. गाभारा भरतो. पुढे राजा पाळत ठेवून तिला गाठतो आणि कारण विचारतो. ती अभयवचन मागते आणि मग सांगते की तुझ्या हुकमाने वासरं-मुलं तळमळली, मोठ्यांचे हाय हाय पदरी आले, ते देवाला आवडलं नाही.

कापायचं कुठे? ‘राजाने अभयवचन दिलं’ इथे. पुढचं उत्तर मुलांनी शोधायचं. पुरावा आधीच येऊन गेलेला असतो: हुकमात ‘सगळं’ हा शब्द आहे, म्हातारीच्या कामांची यादी आहे, आणि दूध नेण्याच्या आधी ती कामं झाली हा क्रम आहे. शहरी मुलांना एक गोष्ट मात्र आधी पुरवावी लागते. सगळं दूध काढून घेतलं तर वासराला उरत नाही, हे त्यांना ठाऊक असतंच असं नाही. तिसरा रकाना रिकामा असेल तर दुसऱ्यातली ओळ समोर असूनही अनुमान निघत नाही, आणि मूल ‘ढ’ ठरतं. चूक मुलाची नसते. जाता जाता आणखी एक प्रश्न: म्हातारीने अभयवचन का मागितलं? एका शब्दात राजाच्या राज्याचं वर्णन आहे. सहावी-सातवीला हा एकच प्रश्न द्यावा.

आणि म्हणूनच तो परवाना मोलाचा. सीसी बाय ४.० असल्यामुळे मजकूर कापता येतो, शेवट वगळता येतो, दोन रूपं एका कागदावर आणता येतात, छापून वाटताही येतात. दुकानातून आणलेल्या पुस्तकाचं असं करताना कॉपीराइट आडवा येऊ शकतो. इथे अट एवढीच: श्रेय द्यायचं, परवान्याचा उल्लेख करायचा आणि बदल केला आहे हे लिहायचं.

प्रश्नांचं प्रमाण काय असावं? ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत भारत नाही, पण तिची वाटणी नजरेसमोर ठेवायला चांगली आहे: २० टक्के सरळ शोधायची माहिती, ३० टक्के साधी अनुमानं, ३० टक्के अर्थ लावणं आणि जुळवणं, २० टक्के मजकूर पारखणं. ४० मिनिटांच्या तासिकेत पाचच प्रश्न बसतात. एक शोधायचा, तीन अनुमानाचे, एक पारखायचा. दहा प्रश्न घातले तर मुलं तिसरा रकाना सोडून पळतात.

चुका ठरावीक होतात आणि त्यांची कारणंही ठरावीक. ‘वाघ दुष्ट होता, कारण वाघ दुष्टच असतात’ या उत्तरात ओळ नाही, फक्त घरून आणलेली समजूत आहे. भोपळ्याच्या गोष्टीतला वाघ तर म्हातारीच्या शब्दावर विश्वास ठेवून वाट बघत बसतो. दुष्टपेक्षा भोळाच म्हणायला हवा. दुसरी चूक: मूल अख्खा परिच्छेद उतरवतं. पुराव्याच्या रकान्यात जास्तीत जास्त आठ शब्द असा नियम केला की नेमका शब्द शोधावाच लागतो. तिसरी: प्रश्न काहीही असो, उत्तर तात्पर्यच. ‘म्हातारी लेकीकडे का राहिली?’ याला ‘आपण नेहमी युक्तीने वागावे’ असं उत्तर येतं. याला वर्षानुवर्षं प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहून घेणारे आपणच जबाबदार. तात्पर्य हा शब्द त्या तासिकेपुरता फळ्यावरूनही हद्दपार करावा. चौथी चूक जरा बारीक आहे: पुढे काय होतं ते वाचून झाल्यावर मूल मागच्या ओळीचा अर्थ लावतं. ‘म्हातारीने आधीच भोपळा ठरवला होता’ असं ते छातीठोकपणे सांगतं. त्या वेळेपर्यंतच्या ओळींत तसं काही नसतं. म्हणून कागद दोन जागी थांबवायचा, आणि तिथपर्यंतचे रकाने पेनाने भरून घ्यायचे. पेन्सिल दिली की खाडाखोड करून सगळे ज्योतिषी होतात.

तयार प्रश्नपेढी हवी असेल, घेतलं आणि लावलं असं काही हवं असेल, तर या भांडारातून एका गोष्टीला तास-दीड तास घरचा अभ्यास लागेल, हे आधीच धरून चालावं. शिष्यवृत्तीच्या तयारीला चार पर्यायांचे उतारे हवे असतील तर ही जागा नव्हे. पर्याय समोर असले की मूल पुरावा शोधत नाही, पर्याय गाळत जातं. पण महिन्याला दोन लोककथा, प्रत्येकी दोन रूपं, एवढं जमणार असेल तर फुकटात यापेक्षा सोयीचं काही पटकन सापडत नाही.

कागद असा घडवावा: ए-फोर उभा, वरच्या दोन तृतीयांशात क्रमांक घातलेला मजकूर, खाली तीन रकाने. कापलेला शेवट मागच्या बाजूला उलटा छापायचा आणि कागदाची खालची कड दुमडून स्टेपलची एक पिन मारायची. ओळ मिळाल्याशिवाय पिन काढायची नाही. तळाशी बारीक टाइपात: ‘मूळ कथेचं नाव, लेखक, भाषांतरकार, स्टोरीवीव्हर, सीसी बाय ४.०, चित्रं व शेवटचे दोन परिच्छेद वगळले आहेत.’